ढेलजेचे नातवंड

यवतमाळात नवा फ्लॅट घेतला की दारातून आत शिरल्याबरोबर लागणाऱ्या चिंचोळ्या पॅसेजला ‘वाड्याचा लूक’ द्यायची हौस सध्या जोरात आहे. भिंतीत कोनाडा, त्यात पितळी समई, लाकडी खुंट्यांची रांग, पायाखाली नक्षीदार लाद्या, वर तसबीर. दिसते देखणे. पण ही मंडळी एका कुळातली नाहीत. खुंटी-कोनाड्याचे घराणे वेगळे आणि लादी-तसबिरीचे वेगळे.

या पॅसेजची आजी म्हणजे ढेलज. जुन्या वऱ्हाडी वाड्यात मोठ्या कवाडातून आत पाऊल टाकले की आधी ही छताखालची वाट लागायची. दोन्ही अंगांना ओटे, पुढे उजेडाचा चौक. साध्या कास्तकाराकडे तेच काम सपरी करायची. ही कामाची जागा होती. राखणदार इथेच निजायचा, सालदाराचा हिशेब इथेच व्हायचा, आणि आलेल्या माणसाला पाणी देऊन वाटेला लावायचे की माजघरापर्यंत न्यायचे, हेही ओट्यावरच ठरायचे. कापसाची बोंदरी इथूनच आत जायची. पोळ्याला बैलजोडीची पूजा याच दारात.

कोनाड्याचा जन्म मातीतून झाला. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात कापूस पिकतो, पण भिंत टिकत नाही. म्हणून घराला पांढरी माती. वस्तीच्या जागेला पांढरी आणि शेताला काळी म्हणायची रीत जुनीच आहे. या मातीच्या भिंती हात-दीड हात जाड असत, त्यामुळे वैशाखातले ऊन आत पोचायला उशीर लागे. एवढ्या जाडीत दिवळी कोरणे सोपे, आणि तिच्यात ठेवलेला दिवा वाऱ्याने विझत नसे. आताची आतली भिंत चार इंची विटेची. तिच्यात कोरणार काय? मग प्लास्टरची पेटी बाहेरून चिकटवतात. जुना कोनाडा भिंतीत शिरायचा, नवा अंगावर येतो.

खुंटीला पागोटे, उपरणे, कंदील, बैलाचे कासरे लटकत. चौकट सागाची, कारण साग जिल्ह्याच्या रानातच होता आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

दुसरे घराणे आले ते कापसाच्या पैशातून. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1860 नंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडकला आणि इथल्या कापसाला भलताच भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळकरांसाठी धामणगाव हे मुंबईकडे उघडणारे दार झाले. कापूस तिकडे गेला, आणि तिकडून काचेच्या हंड्या, आरसे, तसबिरी आल्या. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर चढल्या. रंगीत सिमेंटच्या लाद्या आधी परदेशातून येत. 1922 मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या ओढीने भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबाखाली घट्ट करतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर जाड, म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनीही नक्षी उडत नाही. आज दुकानात ‘मोरोक्कन’ म्हणून मिळते ती बहुतेक वेळा नुसती छापील सिरॅमिक असते.

म्हणजे आपण जिला परंपरा म्हणतो तिचा अर्धा भाग त्या काळची नवी फॅशनच होती. त्यामुळे फ्लॅटमध्ये वाडा आणला म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. खटकते ते वेगळेच. खुंटी आली, पण तिला काही अडकवायचे नाही. ओटा गेला, त्यामुळे बूट काढायला म्हातारी माणसे भिंतीला हात टेकून एका पायावर उभी. बंगई, म्हणजे झोपाळा, टांगतात आणि येण्याजाण्याची वाटच अडवतात. आणि भिंतीवर वारली चित्र! सुंदर आहे, पण ते पालघर-डहाणूचे. इथल्या केळापूर, झरी-जामणी, घाटंजी भागातले कोलाम बांबूच्या टोपल्या विणतात, ताटवे विणतात. त्यांच्या हातचे काम यवतमाळच्या भिंतीवर क्वचितच दिसते.

तेव्हा पॅसेज सजवायला काढलात, तर आधी बसायला एक सागाचे बाकडे करून घ्या. जुने वाडे पाडणाऱ्यांकडे लाकूड मिळते. खुंट्या ठोका त्या हेल्मेट, छत्री, पिशवी पेलतील अशा. आणि दिव्याला शेड हवी असेल तर कोलामांकडून बांबूची टोपली विकत घ्या, भाव न पाडता.