कॉफीच्या वासावरचा पहारा

हल्ली मोठ्या शहरांतून काही हौशी मंडळी कॉफीचे कच्चे दाणे आणून घरीच भाजतात, घरीच दळतात आणि गाळून पितात. कोणी यास चोचले म्हणेल. परंतु एके काळी हे युरोपातील घरोघरचे नित्याचे काम होते, आणि त्या कामावर एका राजाने बंदी घातली होती. ती हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळ-वेलदोडा घातलेले दुधातले पेय. दाणे भाजण्याशी आपला संबंध बेताचाच. म्हणून भाजणीविषयी प्रथम दोन शब्द. कच्चा दाणा हिरवट असतो, कोरड्यात ठेवल्यास महिनोन्‌महिने टिकतो आणि त्यास कॉफीचा वास जवळजवळ नसतोच. कढईत सारखा हलवीत राहिले म्हणजे तो आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि सुमारे २०० अंश उष्णतेला लाहीसारखा तडतडतो. त्यापुढील दोनचार मिनिटांत चव ठरते. भाजलेल्या दाण्याचा स्वाद मात्र काही आठवड्यांतच उतरू लागतो. म्हणून लोक कच्चे दाणे घरात ठेवीत आणि लागतील तसे भाजून घेत. पण भाजणीचा वास काही केल्या लपत नाही. एका घरी कढई चढली की साऱ्या आळीला कळते.

याच वासाने पुढे घात केला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या खजिन्यावर १७५६ ते १७६३ च्या युद्धाने ताण आणला होता. कॉफी पिकविणारी वसाहत त्याच्यापाशी नव्हती. सारी कॉफी परदेशातून येई आणि पैसा बाहेर जाई. १७७७ साली त्याने प्रजेस बजावले की, कॉफी सोडा आणि वाडवडिलांप्रमाणे बीर प्या. लोकांनी ऐकले नाही. तेव्हा १७८१ साली त्याने कॉफी भाजण्याचा हक्कच सरकारजमा केला. सरदार, लष्करी अधिकारी, धर्मोपदेशक आणि बडे अंमलदार यांना घरी भाजण्याचे परवाने मिळाले. बाकीच्यांनी सरकारी भट्टीतली महाग कॉफी घ्यावी, नाहीतर तिचे नाव सोडावे.

चोरून भाजणाऱ्यांस पकडण्यासाठी युद्धात जायबंदी झालेले सुमारे ४०० सैनिक नेमण्यात आले. ते गल्लोगल्ली वास घेत हिंडत. लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘काफेरीशर’, म्हणजे कॉफी हुंगणारे.

राजाची चिंता खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. देशात ओढाताण होती, हे खरेच. पण ती ओढाताण सर्वांनी सारखी सोसावी, असा हा कायदा नव्हता. आणि ज्यांनी राजापायी हातपाय गमावले, त्यांनाच पोटासाठी शेजाऱ्याच्या चुलीचा वास घेत फिरावे लागले. लोकांच्या शिव्या मिळाल्या त्या त्यांना! परवाना वाटणारा दूर राजवाड्यात बसला होता. गरिबाला गरिबावर सोडण्याची ही रीत कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस चांगलीच ओळखीची आहे.

कायद्याने साधले काय? चोरटा व्यापार फोफावला आणि गरिबांच्या पेल्यात चिकोरीच्या भाजलेल्या मुळ्यांचा काढा आला. १७८६ साली राजा वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या वारसाने हा मक्ता मोडीत काढला.

मात्र जे कायद्याला जमले नाही ते पुढे बाजाराने केले. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे जॉन आर्बकल याने १८६५ साली भाजलेली कॉफी पुड्यांत भरून विकण्यास आरंभ केला. पुडे दारात आले तशी घरची कढई मागे पडत गेली. तरी घरातले डोके चालतच राहिले. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्यास भोके पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला आणि १९०८ साली त्या गाळणीचा हक्क नोंदविला.

आज घरी कॉफी भाजण्यास कोणाचा परवाना लागत नाही. लागते ती थोडी फुरसत. दिवसभर राबून परतणाऱ्याच्या घरी ती अजून पोहोचलेली नाही. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार झगडले, ते उरलेल्या वेळात असे एखादे काम स्वतःच्या हौसेने करता यावे म्हणूनच. ती फुरसत सर्वांच्या वाट्यास येईल, तेव्हाच फ्रेडरिकचे परवाने खऱ्या अर्थाने रद्द झाले असे आम्ही समजू.