जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय : माजी सैनिकांच्या कुटुंबांचा आधार

लष्करातील शिपाई पंधरा ते वीस वर्षांची सेवा करून वयाच्या चाळिशीच्या आतबाहेर घरी परततो. मुले शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात आणि दुसऱ्या नोकरीचा शोध सुरू होतो. गणवेश उतरला तरी शासनदरबारी त्याच्या कुटुंबाची कामे संपत नाहीत. उलट ती तेथूनच सुरू होतात. ही कामे जेथे मार्गी लागतात ते ठिकाण म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय.

सैनिकी परंपरेमुळे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे कार्यालय घरोघरी परिचित आहे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाची तर नावातच ओळख आहे. शहरी नागरिकांना मात्र या यंत्रणेची माहिती क्वचितच असते.

उगम आणि रचना

महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या आणि मृतांच्या कुटुंबीयांच्या प्रश्नांसाठी १९१९ मध्ये 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झाले. १९७५ मध्ये त्याचे नाव केंद्रीय सैनिक बोर्ड झाले. त्याखाली राज्य आणि जिल्हा अशी रचना आहे. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी मंडळाचे अध्यक्ष असतात, तर दैनंदिन कारभार जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी पाहतात.

वीरपत्नींचे निवृत्तिवेतन

कार्यालयातील सर्वांत महत्त्वाचे काम कुटुंब निवृत्तिवेतनाचे. त्याचे मुख्यत्वे तीन प्रकार आहेत. सैनिकाचा सर्वसाधारण कारणाने मृत्यू झाल्यास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, सेवेशी संबंधित कारणाने झाल्यास ६० टक्के आणि युद्धात वा तत्सम कारवाईत वीरमरण आल्यास १०० टक्के असे सामान्य दर आहेत. पहिल्या प्रकारात सुरुवातीची काही वर्षे ५० टक्क्यांचा वाढीव दर मिळतो.

नियम स्पष्ट असले तरी अडचण कागदपत्रांची असते. लग्नानंतर नाव बदलण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. त्यामुळे लष्करी दप्तरात माहेरचे नाव, शिधापत्रिकेवर सासरचे आणि आधार कार्डावर तिसरेच, असे प्रकार घडतात. कित्येकदा जन्मतारखाही जुळत नाहीत. पतीच्या हयातीत एका अर्जाने आणि प्रतिज्ञापत्राने होणारी ही दुरुस्ती त्याच्या पश्चात त्या महिलेला एकटीने करावी लागते. संबंधित अभिलेख कार्यालय, म्हणजे 'रेकॉर्ड ऑफिस', त्या त्या रेजिमेंटच्या केंद्राशी जोडलेले असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागर येथे आहे. गावातील वृद्ध महिला आणि हे दूरचे दप्तर यांच्यातील दुवा जिल्हा कार्यालय ठरते. माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनांचे कार्यकर्तेही अर्ज भरून देण्यापासून बँकेत सोबत जाण्यापर्यंतची मदत करतात.

निवृत्तिवेतन नसलेल्यांसाठी

जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा आवश्यक असते. त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांपैकी अनेकांना उतारवयात उत्पन्नाचे साधन नसते. अशा ६५ वर्षांवरील निवृत्तिवेतन नसलेल्या माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अर्थसाह्य मिळते. नोव्हेंबर २०२५ पासून ते दरमहा चार हजारांवरून आठ हजार रुपये करण्यात आले. त्याच वेळी हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन पाल्यांसाठीचे शैक्षणिक साह्य दरमहा दोन हजार, तर मुलीच्या विवाहासाठीचे साह्य एक लाख रुपये झाले. हे अर्ज जिल्हा कार्यालयामार्फत तपासले जातात.

निवृत्तिवेतनधारकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) सुरू आहे. तिच्यात पत्नी व अवलंबितांचाही समावेश होतो.

शिक्षण आणि समाजकार्य

राज्यात अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे चालविली जातात. वडील सीमेवर आणि गावात पुढील शिक्षणाची सोय नाही, अशा पाल्यांना त्यांचा मोठा आधार आहे. या विभागाचा लाभ केवळ सैनिकी कुटुंबांपुरता मर्यादित नाही. लष्करात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या राज्यातील युवकांना नाशिकरोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवड मंडळाच्या मुलाखतीची तयारी विनाशुल्क करून दिली जाते. त्यासाठीची प्राथमिक निवडही सैनिक कल्याण यंत्रणेमार्फतच होते.

ध्वजदिन निधी

कल्याणकारी योजनांमागे नागरिकांचाही वाटा असतो. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त शाळा, कार्यालये आणि नागरिकांकडून निधी संकलित होतो. छातीवर लावल्या जाणाऱ्या त्या छोट्याशा ध्वजाचे मोल अशा रीतीने एखाद्या निराधार घरापर्यंत पोहोचते.

माजी सैनिकांनी काय करावे?

निवृत्तीनंतर लगेच जिल्हा कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे. डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतन आदेश (पीपीओ) यांवरील पत्नीचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहावी. मुलांच्या जन्माची नोंद झाल्याची खात्री करावी. ही कागदपत्रे कोठे ठेवली आहेत, हे पत्नीला ठाऊक असावे. सैनिकाने हयातीत केलेले हे एवढे काम त्याच्या पश्चात कुटुंबाची अनेक महिन्यांची पायपीट वाचवू शकते.