वाटेचा कागद

परवा इंग्लंडहून आलेल्या भाच्याने तिथल्या एका खेड्याचा नकाशा दाखवला. शेताशेतातून गेलेल्या तुटक हिरव्या रेषा, म्हणजे पायवाटा! शेत खाजगी, पण वाट सगळ्यांची. १९४९ च्या कायद्याने तिथे अशा वाटांची सरकारी नोंद सुरू झाली.

मला आपली फर्ग्युसनमागची टेकडी आठवली. १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले तीन सहकाऱ्यांसह ती चढले आणि भारत सेवक समाजाची शपथ तिथे घेतली गेली. आज त्याच टेकडीवर आपण घाम गाळायला जातो.

तिथून उतरून सेनापती बापट रस्ता ओलांडला की वेताळ टेकडी. बालभारती ते पौड फाटा रस्ता तिच्या अंगावरून न्यायचा बेत जुनाच. त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने चालले. त्या रस्त्याची आखणी कागदावर आहे, आपल्या पायवाटेची कुठे आहे?

तसं आपल्या गावनकाशावरही पाणंद असते, शिवरस्ता असतो. पण तो शेतावर जायला. नुसतं फिरायला जायची वाट कोण लिहून ठेवणार? ती पायांनीच उमटते, आणि चालणं थांबलं की दोन पावसाळ्यात गवताखाली जाते.

म्हणून मी आता आमच्या नेहमीच्या वाटा वहीत काढायला घेतल्यात. रेषा वाकड्या येतात, पण असो. रविवारी सकाळी सहाला निघतोय, येताय का?