चिंधी, टाका आणि कोंडलेली हवा

गॅसवरचे भांडे उतरवायला सांडशी हाताशी नसली की आपण फडके शोधतो. फडके एकपदरी धरले तर चटका बसतो, चौपदरी धरले तर बसत नाही. आणि तेच चौपदरी फडके ओले असेल तर मात्र पुन्हा चटका बसतो. हे तिन्ही अनुभव आपल्या विद्यार्थ्यांच्या घरचे आहेत. तरीही उष्णतेचे वहन शिकवताना आपण बहुधा धातूची पट्टी आणि मेणाचे थेंब यांच्यापाशीच थांबतो. या लेखात आम्ही गरम भांडे धरायच्या शिवलेल्या फडक्याचा इतिहास पाहणार आहोत. तो गोधडीपासून निघतो आणि कल्याणजवळच्या उल्हासनगरपर्यंत येतो.

जुने कापड थरावर थर ठेवून शिवायचे, ही कल्पना फार जुनी आहे. आपल्याकडे तिला गोधडी म्हणतात, काही भागांत वाकळ. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने ती जोडली जातात. संस्कृतातली कंथा आणि बंगालमधला कांथा ही याच कुळातली. सिंधच्या ग्रामीण भागातली रल्लीही तशीच: रंगीत तुकडे जोडायचे आणि त्यावर समांतर ओळींत टाके घालायचे. या सर्व ठिकाणी बायकांनी एक गोष्ट हाताने ओळखली होती. टाके फार विरळ घातले तर आतले थर सरकतात आणि गोळा होतात. फार दाट घातले तर गोधडी फळीसारखी चपटी होते आणि ऊब कमी देते. असे का होते?

याचे मोजमाप पहिल्यांदा नीट केले ते बेंजामिन थॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड यांनी. ते त्या वेळी जर्मनीतील बव्हेरियाच्या राजसेवेत होते आणि सैनिकांना स्वस्त व उबदार कपडे पुरवणे हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी काचेच्या फुग्यात तापमापी बसवली आणि मधल्या पोकळीत निरनिराळे पदार्थ भरले. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवून बर्फात ठेवायचे आणि ठरावीक तापमानापर्यंत निवायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. १७९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातले आकडे बोलके आहेत. पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापूस भरल्यावर १०४६. कच्चे, मोकळे रेशीम भरल्यावर १२८४ सेकंद लागले, तर तेवढ्याच वजनाच्या पीळ दिलेल्या रेशमी दोऱ्याच्या तुकड्यांना ९१७. पदार्थ तोच, वजन तेच, तरी फरक पडला. म्हणजे ऊब रेशमात नव्हती. ती तंतूंनी अडवून धरलेल्या हवेत होती. तंतू जितके मोकळे आणि बारीक, तितकी हवा अधिक जखडली जाते.

रम्फर्ड पुढे एक पाऊल जास्त गेले. हवेतून उष्णतेचे वहन मुळी होतच नाही, हवा फक्त स्वतः हलून उष्णता वाहून नेते, असे त्यांचे मत झाले. ते पुढे चुकीचे ठरले. स्थिर हवेतूनही वहन होते, पण फारच थोडे. स्थिर हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते आणि ॲल्युमिनियम सुमारे ९ हजार पट. ओल्या फडक्याचे कोडे इथे सुटते. पाणी शिरले की तंतूंमधली हवा हाकलली जाते आणि तिच्या जागी २४ पट चांगला वाहक येऊन बसतो. गोधडीचे टाकेही आता समजतात. योग्य अंतरावरचा टाका हवेला लहान कप्प्यांत थोपवतो; दाट टाका हवाच दाबून बाहेर काढतो.

आता उल्हासनगरकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी छावण्या उभारल्या होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. पत्त्यात आजही ‘कॅम्प नंबर ४’, ‘कॅम्प नंबर ५’ असेच लिहितात. घरदार सोडून आलेल्या माणसाला बराकीतल्या खोलीत सुरू करता येतील असे उद्योग थोडेच होते. शिलाई हा त्यांपैकी एक. अमेरिकेत १८५१ साली सिंगर यांनी पेटंट घेतलेल्या यंत्राच्या घराण्यातले शिवणयंत्र हाताने किंवा पायाने चाले. त्याला वीज लागत नव्हती, कारखान्याची इमारतही नको होती. पुढे इथला कपड्यांचा धंदा वाढत गेला आणि आज उल्हासनगर जीन्सच्या शिलाईसाठी देशभर ओळखले जाते. जिथे कापड बेतले जाते तिथे चिंधी उरतेच. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या ओळीने येणाऱ्या स्थानकांच्या परिसरातील शिक्षकांना ती शोधायला लांब जावे लागणार नाही.

मात्र गोधडीच्या काळातली चिंधी आणि आजची चिंधी यांत मोठा फरक आहे. आजीच्या गोधडीत सहसा सुती कापडच असे. उल्हासनगरच्याच शहाड भागात १९५६ पासून सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात व्हिस्कोस रेयॉनचा धागा तयार होऊ लागला. हा धागा लाकडाच्या लगद्यापासून करतात. म्हणजे तो कारखान्यात घडला तरी मूळचा कापसासारखाच सेल्युलोज आहे, आणि तापवला तर वितळत नाही, करपतो. पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला हा तंतू आपल्याकडे टेरिलिन आणि टेरिकॉट या नावांनी घरोघर पोहोचला. तो २५० अंश सेल्सिअसच्या थोड्या वर वितळतो, आणि त्याआधीच मऊ पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला तर सहज तेवढा तापतो. सुती फडके करपले तर वास येतो, आपण हात सोडतो. वितळलेले पॉलिएस्टर मात्र कातडीला चिकटते, झटकता येत नाही आणि चिकटलेले असेपर्यंत भाजत राहते.

म्हणून चिंधी निवडताना ती ओळखता आली पाहिजे. ‘जीन्स म्हणजे सुती’ असे आता सरसकट म्हणता येत नाही. ताणणाऱ्या जीन्समध्ये स्पॅन्डेक्स आणि बरेचदा पॉलिएस्टर असते. ओळखण्याची परीक्षा शिक्षकांनी स्वतः, उघड्यावर, जवळ पाण्याची बादली ठेवून करावी. चिंधीचे चार-पाच धागे चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि निवल्यावर कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखेत मण्याचे खडे लागतात. शिवायच्या दोऱ्याचीही हीच परीक्षा घ्यावी, कारण आज बाजारातला यंत्राचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो.

आता प्रत्यक्ष शिलाई. वर-खाली २० सेंटिमीटर चौरस सुती कापड घ्यावे. मध्ये जुन्या टर्किश टॉवेलचे दोन थर किंवा पिंजलेल्या कापसाचा सारखा थर ठेवावा. सुती दोऱ्याने ३ ते ४ सेंटिमीटर अंतरावर धावदोरा घालावा, दोरा घट्ट ओढू नये. कडेला गोट लावावा आणि एका कोपऱ्यात नाडीचा फासा शिवावा, म्हणजे फडके खिळ्याला टांगून कोरडे राहील. याच रीतीने चहाच्या किटलीची टोपी किंवा पोळ्यांच्या डब्याचे अस्तर करता येते. तिथे उष्णता हाताकडे येऊ द्यायची नसते असे नाही, ती आत राखायची असते, तत्त्व तेच.

वर्गात रम्फर्डचा प्रयोग करायला काचेचा फुगा लागत नाही. सारख्या आकाराचे चार स्टीलचे पेले घ्या. एक उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती ३ सेंटिमीटर अंतराचे टाके घातलेली पट्टी गुंडाळा, तिसऱ्याभोवती तेच थर पण अर्ध्या सेंटिमीटरवर टाके घातलेली, आणि चौथ्याभोवती दुसऱ्यासारखीच पट्टी ओली करून. चारहींवर सारखी झाकणे ठेवा, सारखेच गरम पाणी भरा आणि दर ५ मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. कोणता पेला आधी निवेल याचा अंदाज प्रयोगापूर्वी वहीत लिहून घ्यायला विसरू नका. मुलांना घरी जाऊन आजीला विचारायला सांगा, की ती गोधडीत टाके किती अंतरावर घालते आणि तेवढ्याच का. तिचे उत्तर आलेखाशेजारी लिहावे.