तिसऱ्या तारेची हकीकत

विजेच्या दोन तारा सर्वांच्या ओळखीच्या आहेत. अर्थिंगची तिसरी तार एरव्हीं कांहींच काम करीत नाहीं; म्हणून तिची कोणी वास्तपुस्तहि करीत नाहीं. जुन्या ध्वनिवर्धकांच्या इतिहासांत हीच तार सर्वांच्या मागून आली आणि सर्वांच्या आधीं तुटली. शिरूर व दौंड या तालुक्यांच्या निमित्तानें तिची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विजेच्या कामीं भूमीचा उपयोग प्रथम झाला तो निरोप पोंचविण्याकरितां. परतीच्या तारेऐवजीं जमीनच चालते, हें १८३८ सालीं श्टाइनहाइल या जर्मन शास्त्रज्ञानें दाखविलें, आणि तारायंत्रांनीं ती युक्ति उचलली. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तेव्हां एकेरी तार व परतीस भूमि हीच रूढ पद्धति होती. मनुष्याच्या रक्षणार्थ भूमीला साद घालण्याची पाळी पुढें घरांत वीज आल्यावर आली.

व्हॉल्वच्या अँप्लिफायरमध्यें ३०० ते ४०० व्होल्टांचा दाब खेळत असतो, आणि बटन बंद केल्यावरहि तो कपॅसिटरमध्यें कांहीं काळ दबा धरून बसतो. एसी व डीसी दोन्हींवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रांत तर ट्रान्सफॉर्मरच नसे. पत्र्याचा सांगाडा थेट एका तारेला जोडलेला. दोन पिनांची खुंटी उलटी बसली कीं सांगाड्यावर सबंध २३० व्होल्ट! ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रांतहि वेष्टनें जुनीं होतात व वीज पत्र्यावर उतरते. अर्थिंग असेल तर ती जमिनींत जाते आणि फ्यूज उडतो. नसेल तर अनवाणी गायकानें पोलादी मायक्रोफोन हातीं धरीपर्यंत वाट पाहते. सुमारें १० मिलिअँपिअरला मूठ सोडवत नाहीं. त्याच्या कांहीं पट झाल्यास हृदयाचा ताल बिघडतो.

ब्रिटनमध्यें तीन गोल पिनांच्या खुंटीचें प्रमाण १९३४ सालीं ठरलें व तीच आपल्याकडे रुळली. तिची अर्थिंगची पिन लांब असते, ती आधीं जुळावी व शेवटीं सुटावी म्हणून. असें असतां ती तार कां तुटली? एक तर भिंतींत दोनच भोंकें असत. दुसरें कारण घरघरीचें. दोन यंत्रें दोन ठिकाणीं जमिनीस जोडलीं कीं त्यांच्यांत फेरा तयार होऊन कर्ण्यांतून घूं असा आवाज येतो. तो घालविण्यास वस्तुतः आवाजाच्या तारेचें वेष्टन एका टोकास सोडवावें. पण अर्थिंगच कापणें सोपें पडे. स्वरशुद्धीसाठीं प्राण पणाला लावण्याचा हा व्यवहार आम्हांस अजब वाटतो.

आतां या दोन तालुक्यांचें वैशिष्ट्य. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. घोड व भीमेचा कांठ सोडला तर मुरुमाचें रान. कोरडी माती वीज सहजासहजीं घेत नाहीं. समजा, खड्ड्याचा विरोध २० ओहम आहे. तर २३० व्होल्टांनीं साडेअकरा अँपिअरच वाहतील आणि १५ अँपिअरचा फ्यूज जागचा हलणार नाहीं. चैत्रांतील जत्रेस मांडवांत सडा पडलेला असतो, पण अर्थिंगच्या खड्ड्यास पाणी कोणी घालीत नाहीं. भाद्रपदांत रांजणगांवच्या गणपतीपासून गल्लींतल्या गणपतीपर्यंत सर्वत्र पाय ओलेच. म्हणजे धोका बारमाही आहे.

यावर उपाय, जाणाऱ्या व परतणाऱ्या विजेंतील तफावत ओळखून प्रवाह तोडणारें यंत्र. अमेरिकेंत डाल्झील यांनीं १९६१ सालीं त्याचें एक परिणामकारक रूप सिद्ध केलें. आज ३० मिलिअँपिअरच्या तफावतीवर क्षणांत तुटणारें असें यंत्र बाजारांत मिळतें. ज्यांच्या घरीं वडिलार्जित अँप्लिफायर आहे त्यांनीं तो जाणत्या कारागिराकडून तीन तारांचा करून घ्यावा, जुने कपॅसिटर बदलवावे, आणि मंडळांनीं मीठ-कोळशाच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी घालावें. कर्ण्यांतून येणारा आवाज गांव ऐकतें; त्या आवाजामागील माणूस सुखरूप घरीं परतावा, एवढी काळजी गांवानें घ्यावयास नको काय?