ज्वारीवरील दाणेबुरशी व आनुवंशिक प्रतिकार

पूर्वीच्या चांदा जिल्ह्याच्या पश्चिमेस, वरोरा-भद्रावतीकडील काळ्या जमिनीत, ज्वारी हे जुने पीक होय. पूर्वेकडील वनप्रदेशात, जो १९८२ साली गडचिरोली जिल्हा म्हणून वेगळा झाला, भाताचेच प्राधान्य आहे. विदर्भातील खरीप ज्वारीच्या गावरान जाती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलोऱ्यावर येत. त्यांचा दाणा पाऊस ओसरल्यावर भरे व बुरशीपासून बहुधा बचावे. हा बचाव दाण्याच्या अंगचा नसून केवळ वेळेचा होता.

हा भेद १९६४ नंतर स्पष्ट झाला. त्या वर्षी सी.एस.एच.-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसृत झाला. तो सुमारे शंभर दिवसांत तयार होई. उत्पन्न वाढले, परंतु दाणा पावसात सापडू लागला आणि फ्युझेरियम, कर्व्ह्युलेरिया इत्यादी बुरशींनी काळवंडलेल्या ज्वारीचा भाव उतरला.

तेव्हा प्रतिकार दाण्यातच शोधणे प्राप्त झाले. बी-१ व बी-२ ही दोन्ही प्रभावी जनुके एकत्र आली म्हणजे दाण्याच्या सालीखाली टॅनिनयुक्त रंगीत थर तयार होतो व असा दाणा बुरशीला सहसा दाद देत नाही. मात्र तो तुरट असतो, आणि भाकरीस पांढरा दाणाच हवा असतो. पांढऱ्या दाण्यातील प्रतिकार हा दाण्याचा टणकपणा, कणसाचा सैलपणा अशा गुणांवर, म्हणजेच अनेक जनुकांवर, अवलंबून असल्याने एखाद्या संकराने तो साधत नाही. गावरान जातींना फुलोऱ्याच्या वेळेने जे संरक्षण लाभत असे, त्याची भरपाई करणे म्हणूनच पैदासकारांना दुष्कर ठरले.