बर्नच्या मैदानावर विसकटलेली घडी

सामना हरल्यानंतर शहाणपण सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. आज मीही त्याच पंक्तीला पान मांडून बसणार आहे, आणि तेही सत्तर वर्षांपूर्वीच्या एका पराभवाविषयी!

४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधील बर्न शहर. विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना, हंगेरी विरुद्ध पश्चिम जर्मनी. हंगेरीचा हा संघ चार वर्षे एकही अधिकृत सामना हरला नव्हता. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. १९५३ च्या नोव्हेंबरात वेम्बलीवर जाऊन इंग्रजांना ६–३ असे लोळवले, आणि सहा महिन्यांनी बुडापेस्टला बोलावून ७–१! फार काय, याच स्पर्धेत पंधरा दिवसांपूर्वी जर्मनांवर त्यांनी आठ गोल चढवले होते. त्या सामन्यात मोठी किंमत मात्र मोजावी लागली. कर्णधार पुश्काशचा घोटा जायबंदी झाला.

या संघाच्या चढाईची घडी मोठी मजेदार होती. त्या काळी मधला आघाडीवीर अगदी पुढे उभा राही आणि समोरचा बचावपटू त्याला चिकटून असे. हंगेरीचा हिदेगकुटी मात्र मागे सरकून खेळे. बचावपटू त्याच्यामागे गेला तर पाठीमागे खिंडार पडे आणि त्यातून पुश्काश व कोचिश घुसत. तो जागेवरच राहिला तर हिदेगकुटीला मोकळे रान! उजव्या बाजूला बोझिक, कोचिश आणि बुदई हे तिघे एकाच क्लबात वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले. कोण कुठे धावेल हे एकमेकांना न पाहता कळावे, असे त्यांचे सूत जमलेले. उपांत्य सामन्यात १९५० च्या विजेत्या उरुग्वेला हंगेरीने जादा वेळेत ४–२ हरवले, ते पुश्काशविना, बुदईला घेऊन.

आणि अंतिम सामन्याला प्रशिक्षक शेबेश यांनी काय केले? बुदईला बसवले. डाव्या बगलेवरून वाऱ्यासारखा सुटणाऱ्या चिबोरला उजवीकडे नेले. डावीकडे मिहाय तोथ आणला. पुश्काश पूर्ण बरा नसताना मैदानात उतरला. त्या काळी बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. घोटा दुखू लागला तरी नव्वद मिनिटे निभावणे भाग.

शेबेश यांच्या बाजूने बोलायला जागा नाही असे नाही. सहाव्या मिनिटाला पुश्काशनेच गोल केला, आठव्या मिनिटाला चिबोरने! पण दहाव्या मिनिटाला मोरलॉकने आणि अठराव्याला रानने फेड करून बरोबरी साधली. पाऊस कोसळत होता. जर्मनांच्या बुटांना चिखलासाठी लांब खिळे लावलेले. हंगेरीचा चेंडू एकदा खांबाला लागला, एकदा आडव्या दांडीला. ८४ व्या मिनिटाला रानने डाव्या पायाने तिसरा गोल मारला. अखेरच्या क्षणी पुश्काशने चेंडू जाळ्यात घातलाही, पण ऑफसाइड ठरला. तो वाद अजून मिटलेला नाही.

लोक पावसाला, बुटांना, त्या ऑफसाइडच्या निशाणाला बोल लावतात. मी शेबेश यांना लावतो. संधी पुष्कळ आल्या हे खरे, पण शेवटचा पाय पोचायला क्षणभर उशीर होत गेला. बसलेली घडी ऐन लग्नाच्या दिवशी उलगडून पुन्हा घालायची नसते, असे मला वाटते.

हे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? आमच्या शाळेच्या कबड्डी संघाने एका वर्षी तालुक्याचा उपांत्य सामना जिंकला, तो आमच्या सर्वांत चांगल्या गड्याविना. त्याचा गुडघा सुजला होता. अंतिम सामन्याला मी त्यालाच उतरवले. उपांत्य सामन्यात खेळलेला पोरगा बाकावर बसून माझ्याकडे पाहत होता. आम्ही हरलो. परतताना एसटीत त्या लंगडणाऱ्या पोराने विचारले, "सर, मी बाहेर बसलो असतो तर?" मी म्हणालो, "तू नसतास तर आणखी वाईट हरलो असतो." ते खोटे होते, आणि बाकावरच्या पोराने ते ऐकले. बर्नची हकिकत मी त्यानंतर शोधून शोधून वाचली.

१९५६ च्या उठावानंतर तो संघ पांगला. पुश्काश माद्रिदला गेला आणि १९६० च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात फ्रँकफुर्टच्या जर्मन संघावर एकट्याने चार गोल चढवले. कोचिश आणि चिबोर बार्सिलोनाला गेले. १९६१ साली त्यांचा क्लबही त्याच चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. सामना बर्नच्या त्याच मैदानावर होता. कोचिशने गोल केला, चिबोरनेही केला, चेंडू पुन्हा खांबांवर आदळला, आणि बार्सिलोना बेन्फिकाकडून ३–२ हरली.